एम.टेक. की एम.एस. बाय रिसर्च? गेटचा निकाल लागलाय आणि घरच्यांना समजावता येत नाहीये

कृष्णाकाठ | २३ मार्च, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय इथे, पहिलाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज सांगली जिल्ह्यातलं. फेब्रुवारीत गेट (एम.टेक. वगैरेच्या प्रवेशाची परीक्षा) दिली, परवा निकाल लागला. स्कोर असा आहे की जुन्या आयआयटीत स्ट्रक्चरला एम.टेक. मिळणं अवघड, नव्या आयआयटीत किंवा बऱ्या एनआयटीत मिळेल असं सीनियर म्हणतात. पण आमच्या काँक्रीटच्या सरांनी बोलावून सांगितलं की एम.एस. बाय रिसर्चला पण अर्ज टाक, तिथे स्कोर बोलावण्यापुरता बघतात आणि पुढे सगळं इंटरव्ह्यूवर, तुला लॅबमध्ये रमायला आवडतं तर तुझं तिथे जमेल.

आता घरी काय झालंय, बाबा एसटीत आहेत, त्यांना एवढंच दिसतंय की एम.टेक. दोन वर्षांत संपतं आणि हे तीन वर्षं पण चालू शकतं. आई म्हणते एम.एस. म्हणजे अमेरिकेतलं ना, मग आयआयटी मद्रासला कसं काय. मामा म्हणतो रिसर्च केलेल्याला कंपनीत कोण घेत नाही, मास्तरकी करावी लागते. धाकटी बहीण बारावीला आहे, तिचाही खर्च आहेच पुढे.

मला खरंच कळत नाहीये की दोन्हीत फरक नक्की काय, स्टायपेंडवर भागतं का, आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे मला रिसर्च जमेल का हे मला आत्ता कळणार कसं. कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मोठं लिहिलंत तरी सगळं वाचेन.

---

चिपाड | २४ मार्च, सकाळी ७:०५

कृष्णाकाठ, मी वाळवा तालुक्यातली, म्हणजे तुझ्या शेजारचीच. सिव्हिलमध्येच एम.एस. बाय रिसर्च केलंय, बिल्डिंग मटेरियल्समध्ये, उसाच्या चिपाडाची राख सिमेंटच्या जागी कितपत चालते यावर. आयडी त्यावरूनच घेतलाय. संस्थेचं नाव लिहीत नाही कारण काही कडू गोष्टी पण सांगणार आहे.

आधी फरक. एम.टेक.ला पहिलं वर्ष वर्ग, असाइनमेंट, परीक्षा, दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट. एम.एस.ला कोर्स मोजके, ते पण गाईडशी बोलून तुझ्या विषयाला लागतील तेवढेच, आणि पदवी मिळते ती थीसिसवर. थीसिस बाहेरच्या परीक्षकाकडे जातो, तो ओळ न् ओळ वाचून शंका पाठवतो, त्यांची उत्तरं द्यायची, मग वायवा म्हणजे तोंडी परीक्षा. सगळ्या कोर्सला चांगली ग्रेड आली तरी थीसिस उभा राहिला नाही तर पदवी नाही. एम.टेक.ला सेमिस्टर संपलं की संपतं, एम.एस.ला तुझं काम संपलं की संपतं. आणि काम कधी संपणार हे नुसतं तुझ्या कष्टावर नसतं रे, तू कशावर काम करतोयस त्यावर असतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते.

मी जुलैत जॉईन झाले. ऑक्टोबरपर्यंत कोर्स आणि वाचन. दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडे कारखान्यांचे बॉयलर पेटतात, नोव्हेंबरात गळीत हंगाम जोरात. मला वाटलेलं आपल्या भागात ढिगाने कारखाने, राख काय हवी तेवढी मिळेल, कुणीही फेकूनच देतात. पण संशोधनासाठी म्हटलं की पत्र लागतं, पत्रावर सही लागते, सही करणारे साहेब जाग्यावर लागतात. परवानगी मिळाली जानेवारीच्या शेवटी. एका दिवसात जाऊन मागच्या ढिगातली दोन पोती भरून आणली आणि खूश होऊन हॉस्टेलला परतले.

ती राख काळीकुट्ट, हातात घेतली की न जळलेले धागे लागायचे. लॉस ऑन इग्निशन काढला, म्हणजे राख भट्टीत पुन्हा तापवून किती वजन घटतं ते बघायचं, तर भरपूर घट, म्हणजे आत कार्बन भरपूर. तरी मी तशीच दळून मॉर्टरचे, म्हणजे सिमेंट वाळूच्या मिश्रणाचे, क्यूब टाकले. सिमेंटच्या २० टक्के जागी राख घालायची आणि ताकद निव्वळ सिमेंटवाल्या क्यूबच्या ७५ टक्के तरी यायला पाहिजे, असा एक नेहमीचा निकष आहे. २८ दिवस थांबले, क्यूब फोडले, निकष गाठला नाही. पुन्हा टाकले, पुन्हा २८ दिवस, पुन्हा तेच. तोवर मार्च संपला आणि कारखाना बंद. पुढची ताजी राख थेट नोव्हेंबरात.

त्या उन्हाळ्यात नीट वाचायला बसले तेव्हा सापडलं की ही राख ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळली की ते जाड धागे वरच राहतात, खाली येते ती राख दळून वापरली की चित्र बदलतं, आणि हे आपल्याच देशात आधीच करून छापलेलं आहे. म्हणजे मी आठ महिने जे शोधत होते ते कुणीतरी शोधून ठेवलं होतं. दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाही.

गाईडना जाऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले मग आता तुझा प्रश्न काय ते सांग. मी म्हटलं सर सगळे एकदाच राख आणतात, पण कारखाना पाच महिने चालतो, बॉयलर मध्येच बंद पडतो, पुन्हा पेटतो, पाऊस पडला तर बगॅस म्हणजे चिपाड ओलं येतं, मग राख रोज तीच कशी असेल. ते म्हणाले हा प्रश्न घे. माझं एम.एस. खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झालं, जॉईन झाल्यावर जवळजवळ एक वर्षाने.

पुढचं संध्याकाळी लिहिते, ऑफिसला निघायचंय.

---

हेलियम | २४ मार्च, सकाळी १०:२२

वर चिपाड यांनी लिहिलंय ते प्रयोगाच्या बाजूचं. मी मेकॅनिकल, बंगळुरूला आयआयएससीत केलं, तिथे या पदवीला एम.टेक. रिसर्च म्हणतात, आधी एम.एस्सी. इंजिनिअरिंग म्हणायचे. मद्रासला एम.एस., दिल्लीला एम.एस. आर, नाव प्रत्येकाचं वेगळं पण आत गोष्ट एकच. आईला सांग की अमेरिकेतल्या एम.एस.शी फक्त अक्षरं जुळतात.

तू जमेल का विचारलंस म्हणून इंटरव्ह्यूचं सांगतो, त्यात थोडं उत्तर मिळेल. मला वाटलं होतं गेटसारखे प्रश्न येतील. समोर चार प्राध्यापक, एकाने विचारलं आवडता विषय कोणता, मी हीट ट्रान्सफर म्हटलं. मग खडू हातात दिला आणि म्हणाले चहाचा कप टेबलवर ठेवलाय, तो कसा गार होतो त्याचं समीकरण लिही. लिहिलं. मग म्हणाले यात काय काय गृहीत धरलंस. मी दोन गोष्टी सांगितल्या, ते म्हणाले अजून. अशी पाऊण तास तीच एक चहाची कपबशी. गणितात पण तसंच, मॅट्रिक्स दिली आणि आयगेन व्हॅल्यू काढायला नाही लावली, ती असते म्हणजे नक्की काय असतं हे विचारलं. दोनदा मला सरळ म्हणावं लागलं की सर हे मला येत नाही, पण विचार करून बघू का. नंतर कळलं की त्यांना तेच बघायचं असतं, येत नसलेल्या जागी माणूस काय करतो.

म्हणून माझं मत, रिसर्च जमेल का हे कळायचा त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे बी.ई.चा प्रोजेक्ट. तू तो स्वतः केलायस का, आणि तो चुकला तेव्हा तुला घरी जावंसं वाटलं की का चुकला ते बघावंसं वाटलं. दुसरं असेल तर ये.

अर्जांचं पण लक्षात ठेव, एम.टेक.च्या आयआयटी ऑफर सीओएपी पोर्टलवर दिसतात, एनआयटीच्या सीसीएमटीवर, पण रिसर्चवाल्या पदवीचे अर्ज प्रत्येक संस्थेच्या स्वतःच्या साइटवर वेगळे भरायचे असतात आणि तारखा पण वेगळ्या. आमच्या बॅचचे दोघं तिघं केवळ पोर्टलवर येईल म्हणून वाट बघत राहिले आणि मुदत गेली.

---

कृष्णाकाठ | २४ मार्च, दुपारी १:१५

चिपाडताई, हेलियम दादा, खूप खूप आभार. ताई तुमचं वाचून आईला पण वाचून दाखवलं, ती म्हणाली पोरीने हंगाम वाया घालवला तरी सोडलं नाही.

माझ्या प्रोजेक्टमध्ये आम्ही चौघं होतो, विटांच्या चुऱ्यावर होता, खरं सांगायचं तर क्यूब मीच टाकले सगळे. सातव्या दिवसाचे रिझल्ट अठ्ठाविसाव्या दिवसापेक्षा जास्त आले होते तेव्हा बाकीचे म्हणाले आकडे उलटे लिहून टाकू. मी पुन्हा टाकले. नंतर कळलं की क्यूब बुडवून ठेवायच्या टाकीतलं पाणी मधे आठ दिवस संपलेलं आणि क्यूब उघडे पडलेले. हे चालेल का सांगायला इंटरव्ह्यूत?

---

हेलियम | २४ मार्च, दुपारी १:३१

चालेल काय, हेच सांग. अगदी अस्संच सांग.

---

चिपाड | २४ मार्च, रात्री ९:५०

ते पुन्हा टाकलेले क्यूब वाचून फार बरं वाटलं रे. आकडे उलटे लिहिले असते तर कुणाला कळलंही नसतं, आणि तू केलं नाहीस. एवढ्यावर मी तुला लॅबमध्ये घेईन.

आता सकाळचं पुढे. दुसऱ्या हंगामात मी सप्टेंबरलाच पत्र दिलं, कारखान्यातल्या एका केमिस्टनी खूप मदत केली, बॉयलर पेटल्यापासून दर आठवड्याला एक पोतं, थेट बॉयलरखालून, ढिगातून नाही. कुठल्या दिवशी बॉयलर थांबला, कुठल्या दिवशी पाऊस, सगळं वहीत. माझ्या नमुन्यांत बॉयलर बंद होऊन पुन्हा पेटल्यानंतरची राख सगळ्यात काळी निघाली, जे विचार केला तर साहजिक आहे, भट्टी पुरती तापलेली नसते आणि बगॅस अर्धवट जळतो. पण साहजिक वाटणं वेगळं आणि वीस पोत्यांवर मोजून दाखवणं वेगळं. आणि आधीच्या वर्षीची ती फसलेली दोन पोती? तीही थीसिसमध्ये आली, उघड्यावर पडलेल्या ढिगातली राख का वापरू नये हे दाखवायला. गाईडनीच सांगितलं की फसलेलं लिही, नाहीतर पुढचं पोरगं परत त्याच ढिगातून पोतं भरेल.

मग काँक्रीटचं घड्याळ. अशा राखेची चुन्याशी होणारी प्रक्रिया हळू चालते, नुसत्या २८ दिवसांवर तिला नापास करणं बरोबर नाही, ९० आणि १८० दिवसांचे क्यूब ठेवावे लागतात. आज मिक्स टाकलं नाही तर १८० दिवसांचा आकडा तेवढाच पुढे, तू रात्रभर जागून काही उपयोग नाही. माझा एक ९० वा दिवस नेमका भाऊबीजेला आला. हॉस्टेल रिकामं, लॅबचे अटेंडंट काका सुट्टीवर, गाईडकडून किल्ली घेऊन मी एकटीने क्यूब टाकीतून काढून पुसले आणि प्रेसवर लावले. भावाला फोनवरून ओवाळलं.

काँक्रीटच्या आत क्लोराईड किती शिरतं ती टेस्ट पण होती, ६० व्होल्ट लावून ६ तास किती चार्ज गेला ते मोजायचं. ऐकायला सहा तास, पण चकत्या कापणं, कडांना कोटिंग, व्हॅक्यूम, रात्रभर पाण्यात, असे तीन दिवस जातात एका सेटला. त्यातच आमच्याकडचं एक मशीन बंद पडलं आणि पार्ट यायला चार महिने लागले. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, रोज जाऊन बघायचं. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका लॅबमध्ये चकत्या गोधडीत गुंडाळून रेल्वेने घेऊन गेले.

एकूण दोन वर्षं दहा महिने. बाबांना खरा आकडा सांग, दोन वर्षांत होईल असं सांगून नंतर त्यांना वाट बघायला लावू नकोस.

पैसे. गेटवाल्यांना महिना १२,४०० मिळतात, बदल्यात आठवड्याला ठराविक तास लॅब घेणं, पेपर तपासणं वगैरे. मेस आणि स्वतःचा खर्च त्यात बसतो, सेमिस्टर फी भरायच्या महिन्यात ओढाताण होते, घरी पाठवायला उरत नाही. किती महिने मिळतो हे ऑफरच्या वेळी लेखी विचार, कारण थीसिस लांबला आणि स्टायपेंड थांबला तर शेवटचे महिने फार जड जातात. माझे शेवटचे काही महिने विनास्टायपेंड गेले, दादाने खर्च केला.

नोकरीचं मामांना सांग की मी सध्या कन्स्ट्रक्शन केमिकलच्या कंपनीत आर अँड डीला आहे, नवी मुंबईत. इंटरव्ह्यूत त्यांनी थीसिसवरच तासभर विचारलं. डिझाईन ऑफिसला जायचं असेल, ईटॅब्स स्टॅडसारख्या सॉफ्टवेअरवर बिल्डिंगा करायच्या असतील, तर स्ट्रक्चरचं एम.टेक. सरळ रस्ता आहे आणि त्यात काही कमी नाही. तुझा जीव कशात आहे ते बघ.

---

वर्कशॉपसमोरचा पिंपळ | २५ मार्च, सकाळी ६:४०

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, पंचवीसेक वर्षं होतील. मास्तरकी करावी लागते हे मामांचं वाक्य जरा लागलं, असो.

एक माहितीची भर. असिस्टंट प्रोफेसरसाठी एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) नियमात बी.ई. आणि त्यावर एम.ई., एम.टेक. किंवा एम.एस. असं स्पष्ट लिहिलेलं आहे, दोन्हीपैकी एकात फर्स्ट क्लास हवा. म्हणजे एम.एस. चालतं. तरी काही ठिकाणी ऑफिसात अर्ज छाननीला बसलेल्या माणसाला एम.एस. दिसलं की तो अडखळतो, माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज असाच बाजूला पडला होता, नियमाची प्रत जोडून पुन्हा दिला तेव्हा मान्य झाला. प्रत जवळ ठेवत जा.

दुसरं, मी इतकी वर्षं एम.ई.चे प्रोजेक्ट बघतोय. विद्यार्थी हुशार असतात, पण पहिल्या वर्षीच्या परीक्षा संपता संपता दुसरं वर्ष अर्धं होतं, मग सहा महिन्यांत प्रोजेक्ट उरकायचा असतो आणि जो प्रयोग सहा महिन्यांत बसतो तोच निवडला जातो. प्रश्नाला किती वेळ लागेल हे कुणी बघत नाही. चिपाड यांनी लिहिलेला दुसरा हंगाम आमच्या मुलांना मिळतच नाही. मला हे फार खटकतं. आमच्याकडे कित्येक जणांचं काम बरोबर त्या जागी संपतं जिथे त्यांचं खरं सुरू झालं.

---

बर्फातली तुळस | २५ मार्च, रात्री ८:१० (भारतातली वेळ)

अवांतर होईल पण कुणाला उपयोग होईल म्हणून. मी मूळची डोंबिवलीची, कॅनडात इलेक्ट्रिकलमध्ये एम.ए.एस्सी. केलं. इथे बऱ्याच विद्यापीठांत एम.ए.एस्सी. आणि एम.इंज. अशा दोन वेगळ्या पदव्या असतात. एम.इंज. म्हणजे कोर्स करायचे, फी आपण भरायची. एम.ए.एस्सी. म्हणजे थीसिस, आणि त्यात साधारणपणे प्राध्यापकाच्या ग्रँटमधून आणि टीए (शिकवण्यात मदत) करून पैसे मिळतात, पण त्यासाठी आधी एखाद्या प्राध्यापकाने तुम्हाला घ्यायला तयार व्हावं लागतं. मार्क कितीही असोत, कुणी घेतलं नाही तर प्रवेश नाही.

मी साठेक ईमेल पाठवल्या होत्या. पहिल्या चाळीस एकसारख्या, रिस्पेक्टेड सर पासून सुरू, आय अ‍ॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड वगैरे. एकाचंही उत्तर नाही. मग एकेकाचा एक पेपर नीट वाचून, त्यातली एक न कळलेली गोष्ट विचारून चार ओळींची ईमेल करायला लागले, तर वीसात तिघांची उत्तरं आली आणि त्यातलेच एक माझे सुपरवायझर झाले. कृष्णाकाठ, तू पण इंटरव्ह्यूच्या आधी त्या विभागातल्या दोन तीन प्राध्यापकांचे पेपर वाच, सगळं कळायची गरज नाही.

---

अंगणातली जाई | २६ मार्च, दुपारी ३:२५

मी इंजिनिअर नाही, माझी मुलगी अशाच पदवीला आहे, दुसरं वर्ष. ती फोनवर फारसं बोलत नाही आजकाल. गाईड महिनोन् महिने भेट देत नाहीत म्हणते, केलेलं दाखवलं की पुन्हा कर म्हणतात, काय चुकलं ते सांगत नाहीत. बॅचची एम.टेक.ची मुलं नोकरीला लागली, ती एकटीच राहिल्यासारखी झालीय. आम्ही तिला सोड म्हणावं की धीर धर म्हणावं काही सुचत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

---

चिपाड | २६ मार्च, संध्याकाळी ७:३०

जाईकाकू, आधी हे की तिला यातलं काहीही वेगळं होत नाहीये, आम्ही बहुतेक सगळे दुसऱ्या वर्षी तिथून गेलोय. कोर्स संपलेले असतात, वर्गातले मित्र गेलेले असतात, सकाळी उठून लॅबला गेलं नाही तरी कुणी विचारणार नसतं. तिला सोड किंवा धर यातलं काहीच आत्ता म्हणू नका. शक्य असेल तर जाऊन दोन दिवस तिच्याजवळ राहून या. माझी आई आली होती असं, काही विचारलं नाही तिने, लॅबमध्ये स्टुलावर बसून मी क्यूब फोडताना बघत बसली. मला अजून आठवतं ते.

आणि गाईडचं. प्रत्येक रिसर्च विद्यार्थ्याची एक समिती असते, गाईड सोडून दोन तीन प्राध्यापक असतात त्यात, नाव संस्थेगणिक वेगळं. त्यांच्यापुढे ठराविक काळाने काम मांडायचं असतं. तिने त्या समितीतल्या ज्या एकाशी बोलायला बरं वाटतं त्यांना भेटावं, तक्रार म्हणून नाही, काम दाखवायला म्हणून. दर पंधरा दिवसांनी एक पान ईमेल करावं गाईडना, काय केलं, काय आलं, पुढे काय करणार, उत्तर आलं नाही तरी करावं. त्याची नोंद राहते. आणि खरंच अशक्य झालं तर गाईड बदलता येतो, नियमात सोय असते, त्यात कमीपणा काही नाही. माझ्या शेजारच्या लॅबमधल्या मैत्रिणीने बदलला आणि नीट पूर्ण केलं. हॉस्टेलला समुपदेशक असतात, तिथेही जायला सांगा, आम्ही लाजून गेलो नाही आणि उगाच सोसलं.

---

अंगणातली जाई | २६ मार्च, रात्री ८:०२

शनिवारचं तिकीट काढलं. खूप आभारी आहे तुमची.

---

हेलियम | २७ मार्च, सकाळी ९:१५

जाईताईंच्या निमित्ताने कृष्णाकाठला सांगायचं राहिलेलं. संस्थेच्या नावापेक्षा गाईड आणि लॅब बघ. ऑफर आल्यावर गाईड निवडायची वेळ येते तेव्हा आम्ही सगळे प्राध्यापकांनाच भेटत फिरलो, ते सगळे चांगलंच बोलतात. त्यांच्या लॅबमधल्या पोरांना भेट, ते पण कॅन्टीनमध्ये, लॅबमध्ये नाही. आधीचे एम.एस.वाले किती दिवसांत बाहेर पडले, सर ड्राफ्ट वाचून किती दिवसांनी परत देतात, मशीन स्वतःचं आहे की दुसऱ्या विभागाच्या रांगेत उभं राहायचं, सर पुढच्या वर्षी सब्बॅटिकलवर म्हणजे लांबच्या रजेवर जाणार आहेत का. लायब्ररीत त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे थीसिस उघडून बघ, शेवटचा चॅप्टर वाच, त्यात विद्यार्थ्याचा स्वतःचा विचार दिसतो का नुसते आलेख चिकटवलेत.

अजून एक, बरेच जण मधेच एम.एस.चं पीएचडीत रूपांतर करून घेतात, तशी सोय असते. तेव्हा स्टायपेंड १२,४०० वरून एकदम ३७,००० होतो, २०२३ पासूनचा दर तो आहे. घरची ओढ असली की मोह होतोच. मी पण त्या वळणावर उभा होतो. पण केवळ त्या पैशासाठी आणखी तीन चार वर्षं बांधून घेऊ नकोस, प्रश्न तेवढा मोठा असेल आणि तुला तो सोडून द्यावासा वाटत नसेल तरच कर. मी नाही केलं, थीसिस दिला आणि बाहेर पडलो, बरोबर केलं असं अजूनही वाटतं.

---

पाट्या टाकणारा | २७ मार्च, रात्री १०:४८

नोकरी करून हे करता येतं का? पुण्यात ऑटो कंपनीत आहे, आठ वर्षं झाली, व्हायब्रेशनमध्ये काम करतो.

---

हेलियम | २८ मार्च, सकाळी ८:२०

येतं. आयआयएससीत एक्स्टर्नल रजिस्ट्रेशन आहे, कंपनीने पुरस्कृत करावं लागतं आणि तुमच्या कंपनीत काम करायची सोय आहे हे दाखवावं लागतं. काही आयआयटींतही तशी सोय आहे. कोर्सच्या काळात तिथे राहावं लागतं हे बॉसशी आधीच बोलून घ्या. तुमचा फायदा असा की प्रश्न शोधत बसावं लागणार नाही, आठ वर्षांत एखादा तरी साचलेला असेल जो कंपनीला वेळेअभावी सोडवता आला नाही.

---

कृष्णाकाठ | ३ जून, रात्री १०:०५

धागा वर काढतोय. मंडळी, एम.एस.ला झालं माझं! बाबांना तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले होते, त्यांनी एकच विचारलं की त्या मुलीचं राखेचं पुढे काय झालं, कुणी वापरली का. मग म्हणाले जा.

इंटरव्ह्यूत खरंच टाकीतल्या पाण्याचं विचारलं, वीस मिनिटं त्यावरच. क्यूब उघडे पडले तर ताकद का थांबते, आणि पुन्हा पाण्यात टाकले तर भरून येते का. अर्धं आलं अर्धं नाही.

कॅन्टीनमध्ये दोन लॅबच्या पोरांना भेटलो हेलियम दादा, त्यावरून गाईड ठरवले. विषय भाजलेल्या चिकणमातीचा आहे, एलसी-३ सिमेंट म्हणतात त्यातला, निम्मं क्लिंकर (नेहमीच्या सिमेंटचा भट्टीत भाजलेला मूळ घटक) आणि बाकी भाजलेली माती, चुनखडी आणि थोडं जिप्सम. माती साधारण ७०० ते ८०० अंशाला भाजायची. सर म्हणाले पहिले चार महिने नुसतं वाच, मग पावसाळा संपल्यावर दोन तीन खाणींवरून मातीचे नमुने आणायचे. ताई, नमुने आणताना काय लक्षात ठेवू?

---

चिपाड | ३ जून, रात्री १०:४०

अभिनंदन रे! बाबांना सांग की राख अजून कारखान्याच्या मागेच पडते बहुतेक ठिकाणी, पण आमच्या कंपनीत तिच्यावर एक छोटं काम सुरू झालंय या वर्षी, मीच बघते.

नमुन्यांचं. खाणवाल्यांना पत्र आत्ताच दे, पावसाळा संपायची वाट बघू नकोस, सह्यांना वेळ लागतो. वरचा थर बाजूला करून आतली माती घे, आणि एकाच जागेवरून नाही, चार पाच जागांची घेऊन नीट मिसळ. लागेल वाटतं त्याच्या तिप्पट आण, कारण परत गेलास तर तीच माती मिळणार नाही. आणि पोत्यावर तारीख, जागा, खोली बाहेरून तर लिहीच, पण एका प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी घालून ती पोत्याच्या आत पण टाक. बाहेरचं ट्रकमध्ये घासून पुसलं जातं. माझी सात आणि आठ नंबरची पोती अशीच एकमेकांत मिसळली होती.